रोजच्या छोट्या बदलांनी खरंच फरक पडतो का, की नुसतं बोलायला बरं?

वाघूरकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी, लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज मुलं लवकर झोपली म्हणून बसले लिहायला. वय ३९, जळगावात राहते, एका पतपेढीत काउंटरला आहे. मिस्टर रेल्वेत मालगाडीवर लोको पायलट, हेडक्वार्टर भुसावळ, त्यामुळे ड्युटीचा कॉल कधी येईल नि घरी कधी येतील याचा काही नेम नाही. मोठा दहावीला, धाकटी सहावीला, सासूबाई सोबत असतात. पैशाची फार ओढाताण नाही, घरात भांडणं नाहीत. मागच्या महिन्यात रक्त तपासलं तर एचबीएवनसी ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले डायबेटिस नाही पण काठावर आहात, आत्ताच लक्ष द्या. तेवढं सोडलं तर सांगण्यासारखं दुखणं काही नाही.

पण दिवस कसा जातो तेच कळत नाही हो. सकाळी डबे, मग ऑफिस, संध्याकाळी आल्यावर भाकऱ्या, धाकटीचा अभ्यास, भांडी, आणि मग अंथरुणावर पडून मोबाईल, तो खाली ठेवेपर्यंत साडेअकरा वाजलेले असतात. यात माझं स्वतःचं म्हणावं असं काही शोधून सापडत नाही. लग्नाआधी मी पेटी शिकले होते, वाचायचे भरपूर, चार जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या, त्या आता पुणे नाशिक सुरत अशा पांगल्या. दुःखी आहे असं नाही, पण मन भरल्यासारखं वाटत नाही.

नोकरी सोडता येणार नाही, गाव बदलायचं नाही, मोठं काही करायला ना वेळ ना ताकद. मोबाईलवर जो तो सांगतो रोज एक टक्का सुधारा, वर्षात माणूस पार बदलून जातो. चक्रवाढ व्याज मी रोज खातेदारांना समजावते, पैशाला ते लागतं, माणसाला लागतं का? कोणी खरंच केलंय का असं काही, आणि केलं तर ते टिकलं कसं? पहाटे ४ ला उठा, थंड पाण्याने अंघोळ करा असले सल्ले नकोत प्लीज.

भुसावळ_जंक्शन

ताई, मी रेल्वेतूनच रिटायर झालोय, रनिंग स्टाफमध्येच (म्हणजे गाडीवर ड्युटी असणारे) होतो, त्यामुळे तुमच्या घरचं टाइमटेबल न सांगता कळलं. एकच गोष्ट सांगतो, ती आमच्या घरी वर्षानुवर्षं टिकली. रनिंगवाल्याच्या घरात घड्याळ बघून सवय लावायला गेलात की ती मोडलीच समजा, कारण आज रात्री २ ला कॉल, परवा दुपारी, मधे रनिंग रूमला (बाहेरगावी स्टाफच्या विश्रांतीची जागा) मुक्काम, मग ‘रोज सकाळी ६ ला’ असं काही ठरवून उपयोगच नाही. म्हणून आमच्याकडे वेळेला काही बांधायचंच नाही असं होतं, बांधायचं ते कामाला. साइन ऑफ करून घरी आलो, बूट काढले, की आधी वडिलांजवळ पाच मिनिटं बसायचं, अंघोळ नि जेवण मग. ते झोपलेले असले तर ते उठल्यावरचा पहिला चहा त्यांच्यासोबत. बास, एवढंच.

पहिले काही महिने बोलायला विषयच नसायचा, मी गाड्या किती लेट ते सांगायचो नि ते हवापाणी विचारायचे. मग हळूहळू त्यांनी कापसाच्या जिनिंगमधल्या नोकरीचं सांगायला सुरुवात केली, आईशी लग्न कसं जमलं, पहिली सायकल कोणाकडून घेतली, कोणत्या दुष्काळात काय खाल्लं. वडील गेले तेव्हा भावांना जे माहीत नव्हतं ते माझ्याकडे होतं. आता याला तुम्ही फरक म्हणा नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा, मला तर नोकरीत जे काही मिळालं त्यापेक्षा हे मोठं वाटतं.

शुगरचं म्हणाल तर चहातली साखर एकदम बंद करू नका, चार दिवसात पुन्हा सुरू होते. अर्धा चमचा कमी करा, त्याची जीभेला सवय झाली की आणखी अर्धा. आमच्या मिसेसने असंच घरातल्या सगळ्यांचं कमी केलं, कोणाला पत्ता लागला नाही.

दालमिल_एमआयडीसी

रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. महिनाभर बाकी काहीच करू नका, फक्त एवढं करा. अलार्मसाठी साधं घड्याळ आणा बाजारातून. मिस्टरांच्या ड्युटीमुळे फोन उशाशी लागत असेल तर रिंग मोठी ठेवा, ऐकू येते शेजारच्या खोलीतून.

पांझरेकाठी (धुळे)

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबट लिहिते, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे ते २१ दिवसांचं डोक्यातून काढून टाका, तुम्ही लिहिलं नाहीये पण कोणीतरी येऊन सांगेलच. १९६० च्या सुमारास एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला कमीत कमी २१ दिवस लागतात, त्यातलं ‘कमीत कमी’ गळालं आणि चेहऱ्याचं सगळ्या सवयींना लागू झालं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट मोजलं, तो अभ्यास २०१० साली छापून आला. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी गोष्ट निवडली आणि ती रोज ठराविक प्रसंगाला जोडून केली, म्हणजे ‘नाश्ता झाल्यावर’ वगैरे, असं १२ आठवडे. ती गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधला आकडा आला ६६ दिवसांचा. पण माणसामाणसात फरक किती, तर कोणाला १८ दिवस, कोणाला २५४ (हा २५४ गणिताने पुढे काढलेला आहे, कारण अभ्यासच ८४ दिवसांचा होता). पेलाभर पाणी पिण्यासारखी गोष्ट पटकन अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की मधे एखादा दिवस चुकला तर त्याने विशेष काही बिघडलं नाही. आपल्याकडे लग्नसराई, अक्षय्य तृतीया, पोळा, पाहुणे, खाडा पडणारच आहे. खाडा पडला म्हणजे सगळं बुडालं असं जे आपण धरून चालतो ना, त्यानेच खरं बुडतं.

भुसावळच्या काकांनी अभ्यास न वाचता तेच सांगितलं जे पीटर गोलवित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये मांडलं, की ‘मी व्यायाम करीन’ असं ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं ठरवलं तर ते होण्याची शक्यता बरीच वाढते. बूट काढले की वडील. कुकरची शिट्टी झाली की अमुक. आठवण ठेवायचं काम मग डोक्यावर राहत नाही.

आता तुमच्या ६.१ बद्दल. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या आधीची पायरी, इथून मागे फिरता येतं आणि इथेच छोट्या बदलांचा सगळ्यात पक्का पुरावा आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्याच लोकांवर अभ्यास केला होता, २००६ साली प्रसिद्ध झाला. शुगर काठावर असलेले ५३१ जण, जवळपास तीन वर्षं. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला दिला त्यातल्या ५५ टक्के लोकांना डायबेटिस झाला. ज्यांच्या सतत मागे लागून खाण्यात आणि चालण्यात बदल करायला लावले त्यांच्यात ३९.३ टक्के. डायबेटिसची गोळी दिलेल्यांचा आकडाही साधारण तेवढाच आला. म्हणजे चालणं नि ताट बदलणं गोळीच्या बरोबरीने उभं राहिलं.

तुम्हाला वेळ नाही म्हणता तर आणखी एक. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात टाइप २ डायबेटिसच्या ४१ पेशंटना एकदा सांगितलं रोज ३० मिनिटं केव्हाही चाला, आणि एकदा सांगितलं तीनही जेवणांनंतर १० मिनिटं चाला. एकूण मिनिटं तेवढीच, पण जेवणानंतर चालल्यावर जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. २०१६ चा अभ्यास आहे. म्हणजे तुम्हाला पहाटे उठायची गरजच नाही, रात्री जेवण झालं की भांडी तशीच ठेवून गल्लीत १० मिनिटं चक्कर. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं सांगते, पण एका वेळी निदान १० मिनिटं तरी सलग हवीत ही त्यांची जुनी अट २०२० पासून काढलेली आहे, जिना चढलात तेही मोजा. एचबीएवनसी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा हिशोब सांगतं, तेव्हा तीन महिन्यांनी परत तपासा आणि डॉक्टरांना दाखवा, उद्या परवा नको.

चक्रवाढ व्याजाचं मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. रोज एक टक्का हे गणित माणसाला लागत नाही. सवय सुरुवातीला भराभर लागते, मग तिचा वेग मंदावतो आणि एका जागी येऊन थांबते. आणि थांबते हेच चांगलं आहे, कारण मग त्यावर लक्ष द्यावं लागत नाही, दुसऱ्या गोष्टीला मोकळे.

सातपुडा_शहादा

सगळ्यांचं वाचलं, चांगलंच लिहिलंय, पण मला वेगळं बोलायचंय आणि जरा रागानेच बोलतेय.

ताईंनी दिवस लिहिला तो परत वाचा. डबे, ऑफिस, भाकऱ्या, अभ्यास, भांडी. आणि आपण सगळे तिला सांगतोय तू आणखी काय कर, चहातली साखर तू कमी कर, चालायला तू जा, मोबाईल तू ठेव. म्हणजे भरलेल्या दिवसात आणखी चार कामं. सरकारने २०१९ मध्ये वेळेच्या वापराचा देशभर सर्वे केला होता, घरातली बिनपगारी कामं जे करतात त्यांच्यात बाईची रोजची २९९ मिनिटं आणि पुरुषाची ९७. आणि ही ९७ सुद्धा जे पुरुष काहीतरी करतात त्यांची, घरकामाला हातच न लावणारे त्यात धरलेले नाहीत, आणि असे पुरुष चारात तीन निघाले. जवळपास पाच तास बाईचे रोज जातात आणि मग आपण विचारतो की हिला स्वतःसाठी वेळ का मिळत नाही.

माझं म्हणणं असं की पहिला छोटा बदल ताईंनी करायचाच नाही, घराने करायचा. दहावीचा मुलगा आहे ना, १५-१६ वर्षांचा, रात्रीची भांडी त्याच्याकडे. दहावी आहे म्हणून सूट देऊ नका, २० मिनिटांच्या भांड्यांनी कोणाचे मार्क जात नाहीत. धाकटीने सकाळच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या. मिस्टर रेस्टला घरी असतील त्या दिवशीची कणीक त्यांनी मळायची, रनिंग रूमला राहणाऱ्या माणसाला स्वतःचं बघता येतं, मला माहीत आहे, माझा भाऊ तिकडेच आहे. आमच्या घरी मी हे केलं तेव्हा सासरे आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते, आता तेच नातवाला सांगतात ताट उचल म्हणून. मी काही भांडण केलं नाही, फक्त रोज तेवढंच काम तसंच सोडून उठायचे, न चुकता. घरातली सवय सुद्धा सवयच असते आणि ती सुद्धा रोज थोडी थोडी हलवूनच हलते.

तो मोकळा झालेला वेळ मग चालायला वापरा, पेटीला वापरा, नाहीतर नुसत्या बसून राहा.

वाघूरकाठ (जळगाव)

अहो एवढं सगळं लिहाल असं वाटलंच नव्हतं. शहाद्याच्या ताई, तुमचं वाचून पहिल्यांदा राग आला खरं तर, मग मुलाला उठवून वाचायला दिलं. तो म्हणाला, भांडी मी करतो पण कढई नको. कढईचं बघू म्हटलं.

धुळ्याच्या मॅडम, जेवणानंतर दहा मिनिटांचं डोक्यात बसलं. सासूबाईंना पण सोबत न्यायचं म्हणतेय, त्यांचे गुडघे दुखतात पण गल्लीच्या टोकापर्यंत येतील.

केळीबाग_यावल

ताई, मी शेतकरी माणूस, मला पुस्तकातलं काही माहीत नाही पण तुमचा प्रश्न आमच्या बागेतच उभा आहे असं वाटलं म्हणून लिहितो. आमच्या वडिलांच्या काळी केळीला पाटाने पाणी सोडायचे, आठ दहा दिवसातून एकदा सगळं शिवार तुंबवून टाकायचं, लाइट असली की रात्रभर जागायचं नि खताची गोणी एकदम ओतायची. झाडाला पहिले दोन दिवस पाणी जास्त, शेवटचे दोन दिवस ताण, खत निम्मं खाली वाहून जायचं. आता ठिबक आहे, रोज थोडं पाणी मुळापाशी, खत पण त्यातूनच थोडं थोडं, तेवढ्याच विहिरीवर जास्त बाग उभी राहते आणि टिश्यू कल्चरचं रोप अकरा-बारा महिन्यात कापणीला येतं. माणसाचं पण मला तसंच वाटतं. दिवाळीच्या सुट्टीत एकदम चार दिवस फिरून आलो, मुलांशी खूप खेळलो नि मग सहा महिने काहीच नाही, त्याने झाड काही वाढत नाही.

आणि ठिबकचं आणखी एक सांगतो, ते लावून विसरता येत नाही. ड्रिपर चोक होतात, उंदीर नळी कुरतडतो, फिल्टर धुवावा लागतो. म्हणून रोज बागेत एक फेरी. त्या फेरीतच करपा पहिल्या पानावर दिसतो, आठवड्याने गेलो तर दहा झाडांवर दिसेल.

माझी स्वतःची सवय म्हणाल तर वही. रात्री जेवणाआधी त्या दिवशीचा खर्च नि मजुरी लिहायची, दोन ओळी. आधी नुसते आकडे लिहायचो, मग बायको म्हणाली आज काय झालं ते पण लिहीत जा, तर आता तीच लिहिते कधी कधी. हवा काय होती, कोण आलं, भाव काय निघाला, पोरगी काय बोलली. त्या वहीमुळे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे हंगाम संपल्यावर कोणत्या बागेत पैसा गेला नि कोणत्यात आला ते अंदाजाने नाही, नक्की कळायला लागलं. आणि दुसरं म्हणजे गारपीट झाली त्या वर्षी खूप वाईट दिवस होते, बाग सगळी आडवी, तेव्हा बायकोने जुन्या वह्या काढून त्याआधीच्या पडझडीचं वाचून दाखवलं, की हे बघा तेव्हा पण असंच लिहिलंय तुम्ही, नि त्याच्या पुढच्या वर्षी काय लिहिलंय ते पण बघा. त्याने मला उभं केलं भो, खोटं नाही सांगत.

तुम्ही तर पतपेढीत आहात, हिशोब तुमच्या हातचाच. एक ओळ लिहून बघा रोज.

पिंपळनेरकर

एकट्याने टिकत नाही हे कोणी बोललं नाही म्हणून बोलतो. आमच्या साक्री तालुक्यात बारीपाडा आहे, आदिवासी पाडा, छोटंसं गाव. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आजूबाजूचे डोंगर बोडके झालेले, पाण्याची बोंब. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी मिळून नियम केले, जंगलात कुऱ्हाड चालवायची नाही, चालवली तर दंड, राखणीला गावातलीच माणसं. यात मोठं असं काय आहे सांगा, आज झाड तोडायचं नाही, उद्या पण तोडायचं नाही, परवा पण नाही. पण तेच पूर्ण गावाने तीस वर्षं केलं आणि आज तिथे चारशे हेक्टरच्या वर जंगल उभं आहे, विहिरींना पाणी आहे, दरवर्षी रानभाज्यांची स्पर्धा होते, लांबून लांबून लोक खायला नि बघायला येतात. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या भागात घरचा सण असल्यासारखं वाटलं.

मी तिथे जातो अधूनमधून. तिथले म्हातारे सांगतात की पहिली काही वर्षं डोंगराकडे बघून काहीच फरक वाटायचा नाही. तरी राखण चालूच. एकाला कंटाळा आला तर दुसरा होता, म्हणून. ताई, तुम्ही सासूबाईंना सोबत घेताय हे वाचून म्हणूनच बरं वाटलं, त्या येतील तर तुम्हीही जाल.

प्रताप_कॉलेजचा_माजी (अमळनेर)

तुमनं बठ्ठं खरं शे मंडळी. मला फक्त पेटीचं बोलायचंय, कारण ती सगळे विसरले. साखर आणि चालणं तब्येतीसाठी झालं, पण ताईंनी लिहिलंय की मन भरत नाही, मग त्याला पेटीच लागेल.

आमच्या अमळनेरला साने गुरुजी १९२४ ला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले आणि १९३० ला सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेले. मधल्या काळात वसतिगृह त्यांच्याकडे होतं, तिथल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. विचार करा, शाळेत शिकवायचं, मुलांची आजारपणं काढायची, त्यांच्या खोल्या आवरायच्या, आणि वर हे लिखाण, तेही वसतिगृहातल्या पोरांपुरतं, बाहेरचं कोणी वाचणार नाही असं. मला नेहमी वाटतं त्यांच्या पुढच्या सगळ्या लिखाणाचा हात तिथे तयार झाला असणार. जे मनापासून आवडतं ते रोज, थोड्या लोकांसाठी.

तेव्हा पेटी माळ्यावर असेल तर आधी ती खाली काढा. कपाटात नको, कव्हर काढून बाहेर, येताजाता दिसेल अशी. धूळ बसेल, बसू दे. रोज एकच सरगम, भाता धरून दोन मिनिटं. गाणं बसवायला जाऊ नका लगेच, बोटं अडखळली की वाईट वाटतं आणि ती परत माळ्यावर जाते. आणि मैत्रिणींपैकी एकीला फोन लावा, ग्रुपवर गुड मॉर्निंग नाही, फोन. अमेरिकेत हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे, शेकडो माणसं तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत बघितली त्यांनी, आणि सध्याचे प्रमुख रॉबर्ट वाल्डिंगर हेच सांगत असतात की म्हातारपणी सुखी आणि धडधाकट कोण राहिलं तर ज्यांची माणसं जवळची होती ते. पैसा, नाव त्याच्या खूप खाली.

वाघूरकाठ (जळगाव)

पेटी माहेरी आहे पाचोऱ्याला, रविवारी मिस्टरांना रेस्ट असली तर घेऊन येतो. भाता फाटला असेल बहुतेक, जळगावात दुरुस्त करणारं कोणी माहीत असेल तर सांगा.

मी आत्ता तीनच गोष्टी धरतेय. जेवण झालं की गल्लीत चक्कर, मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला, आणि सुरतच्या मैत्रिणीला दर शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर फोन, रिक्षात बसले की. पहिला फोन झाला सुद्धा काल, ती आधी घाबरलीच, म्हणे काय झालं, कोण गेलं. मग घर येईपर्यंत बोलत होतो आणि रिक्षावाल्याला पुढे न्यायला लावलं. वहीचं सध्या ठेवते बाजूला, सगळं एकदम नको. साखर सासूबाईंच्या हातात आहे, त्यांच्याशी अर्ध्या चमच्याची बोलणी चालू आहेत.

एक अडचण आहे. आता एप्रिल लागला, आपल्याकडे रात्री ९ ला पण भिंती गरम असतात. जेवणानंतर चालणं जमेल का मे महिन्यात? मॅडम किंवा कोणी चालणाऱ्यांनी सांगा.

तलावाची_चक्कर (जळगाव)

मी मेहरूण तलावावर कित्येक वर्षं चालते म्हणून सांगते, मे मध्ये पण जमतं, फक्त थोडं मागेपुढे करायचं. ४३-४४ च्या दिवसात दुपारच्या जेवणानंतर घरातच, हॉल ते किचन, पंख्याखाली, त्यालाही चालणंच म्हणतात. रात्रीचं जेवण साडेसातला घ्या जमलं तर, आणि चक्कर गल्लीत नको कारण डांबर नि भिंती तापलेल्या असतात, जवळ बगीचा किंवा मोकळं मैदान असेल तिथे जा, मोकळ्यावर लवकर गार होतं. गच्चीवर मात्र पाणी मारल्याशिवाय नको, पाय भाजतात. निघताना पाणी पिऊन निघा, सासूबाईंना बीपीच्या गोळ्या असतील तर त्यांना जास्त वेळ नेऊ नका आणि चक्कर आल्यासारखं झालं तर तिथेच बसवा. सुती कपडे, पायात चप्पल नको, बूट. आणि ज्या दिवशी लूच्या इशाऱ्याचा मेसेज येईल त्या दिवशी सरळ घरात.

सकाळी कधी यावंसं वाटलं तर आमचा आठ-दहा बायकांचा ग्रुप तलावावर सव्वापाचला असतो मे मध्ये, ऊन चढायच्या आत साडेसहाला घरी. चार वाजता उठायला कोणी सांगत नाहीये तुम्हाला, रविवारीच या हवं तर. पेटी दुरुस्तीचं आमच्यातल्या एका मावशींना विचारते, त्यांच्या भजनी मंडळाची पेटी मागेच दुरुस्त करून आणलीये, पत्ता कळला की इथेच टाकते.